तेहतीस दरवाजांचा नंदी

आमच्या भंडाऱ्याला पोरगं वाढलं की त्याचा नंदीही वाढतो. रांगणाऱ्या पोराला वीतभर, बालवाडीतल्याला हातभर आणि दुसरी-तिसरीत गेला की पार कमरेएवढा. पुढे एका वर्षी पोरगं सांगतं, "मी नाही येत यंदा, पोट्टे हासतात." त्या वर्षी मिसरूड फुटलं असं समजायचं. जन्मदाखला, आधार कार्ड, शाळा सोडल्याचा दाखला हे सगळं सरकारी काम. खरी नोंद माळ्यावर असते. तिथे उंचीप्रमाणे ओळीने उभे असलेले लाकडी बैल पाहिले की कोणाचं पोरगं कितवीत आहे ते पाहुण्यालाही कळतं.

विदर्भाबाहेरच्या वाचकांसाठी थोडा खुलासा. श्रावणातल्या पिठोरी अमावास्येला पोळा, त्या दिवशी मान खऱ्या बैलांचा. दुसऱ्या दिवशी पाडव्याला मान लाकडी बैलांचा, तो तान्हा पोळा. पोरं नंदीला झूल, बाशिंग, घागरमाळ घालून दोरीने ओढत दारोदार नेतात. घरची बाई नंदीला कुंकू लावते आणि पोराच्या हातावर बोजारा ठेवते. बोजारा म्हणजे रोख रक्कम, खाऊ म्हणून टॉफी दिली तर हल्लीचे नंदी त्या दारासमोरून हलत नाहीत. नागपूरकर भोसल्यांपैकी दुसऱ्या रघुजींनी, म्हणजे 1788 ते 1816 ज्यांची कारकीर्द होती त्यांनी, हा सण सुरू केला असं सांगतात. लहान मुलांना बैलाची किंमत कळावी, एवढाच राजांचा शुद्ध हेतू. प्रत्येक पोरामागे एक बाप उभा असतो, हे मात्र त्यांच्या ध्यानात आलं नसावं.

आता तर शहरात खऱ्या बैलांपेक्षा लाकडी बैलच जास्त दिसतात. आमचे बाबूजी, म्हणजे पोरांचे आबाजी, मूळचे चौरास पट्ट्यातले, लाखांदूरकडचे. त्यांच्या तरुणपणी गावच्या आखरावर पोळ्याला बैलांच्या जोड्या मावत नसत, आणि तोरण तुटलं की धूळ अशी उडे की आपली जोडी कोणती ते हुंगून ओळखावं लागे, असं ते सांगतात. हुंगण्याचा भाग दरवर्षी थोडा वाढत जातो. पुढे चिखलणी ट्रॅक्टरने व्हायला लागली, जोडी विकली गेली, आणि पोळ्याला ट्रॅक्टरच्या बॉनेटवर हळदीकुंकू वाहण्याची पाळी आली. त्या वर्षीपासून आबाजी भंडाऱ्याला आमच्याकडे येतात आणि तान्ह्या पोळ्याची परीक्षा बसल्या जागेवरून घेतात.

थोरली आता आठवीत आहे. तिने पाचवीतच नंदी सोडला. सोडण्याआधीच्या वर्षी तिने बैलाच्या कपाळावर, बाशिंगाच्या बरोबर खाली, आईच्या फोनपेचा क्यूआर कोड चिकटवला होता. वॉर्डातल्या काकू कुंकवाचं बोट घेऊन पुढे यायच्या, कोड पाहून थबकायच्या, मग घरात फोन शोधायला जायच्या. बोजारा भरपूर जमला आणि थेट बायकोच्या खात्यात गेला. त्यातून पुढे मिक्सर आला. बैलाच्या कमाईवर घरात यंत्र आलं, हे आबाजींच्या ट्रॅक्टरनंतर दुसऱ्यांदा घडलं. त्या वर्षानंतर थोरलीने निवृत्ती जाहीर केली आणि स्वतःचं स्वतंत्र कपाट मागितलं. 1 मे 1999 ला गोंदिया आमच्या जिल्ह्यातून वेगळा निघाला तेव्हाही एवढ्या बैठका झाल्या नसतील.

राहिला धाकटा. तो दुसरीत. हातात असलेलं हे शेवटचं पोरगं, आणि त्याच्या अंगात नंदीची फार तर दोन-तीन वर्षं शिल्लक, हा हिशेब माझ्या डोक्यात पक्का बसला होता. त्यातून शेजारच्या गुरुजींनी गेल्या साली आपल्या मुलाच्या नंदीला लाल दिव्यांचे डोळे बसवले होते आणि पोटात स्पीकर ठेवून त्याला हंबरायला लावलं होतं. तो हंबरताच आमच्या धाकट्याने पाठीमागच्या पायऱ्यांवर बसून टाळ्या पिटल्या. त्याला कसलाही मत्सर वाटला नाही. हा त्याच्या आईच्या घराण्याचा दोष. मत्सर करायचं काम शेवटी मलाच अंगावर घ्यावं लागलं.

यंदा काय करायचं, असं मी धाकट्याला रीतसर विचारलं होतं. तो म्हणाला, "एक घंटी पाहिजे. मोठी." संपली त्याची मागणी. पितळेसाठी नावाजलेल्या भंडाऱ्यात घंटी मिळायला कितीसा वेळ! मोठ्या बाजाराकडे गेलो आणि नाकासमोर धरली की दोन डोळ्यांमधली जागा भरून जाईल एवढी घंटी घेतली. दुकानदाराने ती बोटाच्या पेराने वाजवली, कानाशी नेली, मान हलवून परत ठेवली आणि दुसरी काढली. तिचा आवाज बराच वेळ दुकानात फिरत राहिला. "ओतीव आहे जी, पत्र्याची नाही," तो म्हणाला. पोट्टा किती वर्षांचा, हेही त्याने विचारलं. मी सांगितल्यावर त्याने एकदा घंटीकडे आणि एकदा माझ्याकडे पाहिलं, पण गिऱ्हाइकाला कोण परत पाठवतो!

घंटी घरात आली आणि तिच्या मानाने नंदी लहान दिसायला लागला. मग मोठा नंदी आला. मिस्त्री म्हणाला होता, शिवणीच्या लाकडाचा करा, हलका होईल. मी म्हणालो, सागवान. "सागाचा बैल पोट्टा ओढन का?" असा त्याचा सरळ प्रश्न होता. त्याला मी टिकाऊपणावर चार शब्द सुनावले. माझा मुलगा अजून दोन-तीन वर्षांत नंदी सोडणार, आणि मी त्याच्यासाठी तीन पिढ्यांचा बैल घडवत होतो. बैल तयार झाला तेव्हा तो हलवायला मिस्त्री, त्याचा पोऱ्या आणि मी असे तिघे लागलो. मिस्त्रीने काही न बोलता चाकांना बेअरिंग बसवून दिले. तेवढ्यापुरतं त्याचं आणि माझं एकमत झालं.

नुसता नंदी आता कोणी पाहत नाही, देखावा लागतो. कोणाचा नंदी झाडं लावा म्हणतो, कोणाचा मुलगी वाचवा. मी ठरवलं, आपला नंदी गोसीखुर्द ओढेल.

भंडारेकराला ही कल्पना समजावून सांगावी लागत नाही. पवनी तालुक्यातलं हे वैनगंगेवरचं धरण आमच्या बोलण्यात जावयासारखं येतं: मान मोठा, खर्च मोठा, आणि पूर्ण काम कधी होणार ते विचारायची सोय नाही. पंतप्रधान राजीव गांधींच्या हस्ते भूमिपूजन झालं ते 22 एप्रिल 1988 ला. सुरुवातीचा अंदाज 372 कोटींचा, पुढे तो 18 हजार कोटींच्या पलीकडे गेला. 2009 साली राष्ट्रीय प्रकल्पाचा दर्जा मिळाला. भिंत 11 किलोमीटरहून लांब आणि दरवाजे 33. हे दरवाजे आमच्या पावसाळ्याचं पंचांग आहेत. 2020 च्या ऑगस्टअखेरीस वैनगंगा भंडारा शहरात शिरली, लोकांचे संसार पाण्यात गेले. तेव्हापासून किती दरवाजे किती मीटरने उघडले, ही बातमी इथे सकाळच्या चहासोबत वाचतात आणि कोणी तिची थट्टा करत नाही.

माझ्या धरणाचा सुरुवातीचा अंदाज पाचशे रुपयांचा होता. थर्माकोलची भिंत, आइस्क्रीमच्या काड्यांचे दरवाजे, मागे पाण्याचा साठा, आणि परीक्षकांसमोर धाकट्याने दोरी ओढली की सगळे दरवाजे एकदम वर. थोरली शाळेच्या हरित सेनेत आहे. तिने पहिल्याच बैठकीत हरकत घेतली: "पप्पा, थर्माकोल बंद आहे. 2018 पासून." खरंच होतं ते, महाराष्ट्रात सजावटीच्या थर्माकोलवर त्या वर्षी बंदी आली. मग पुठ्ठा. पुठ्ठा पाण्यात टिकत नाही हे मला ठाऊक होतं, म्हणून ऑइल पेंट. भिंतीच्या बाहेरच्या अंगाला मी दोन हात मारले, दगडी बांधकामाच्या रेघाही ओढल्या. आतल्या अंगाला कोण बघतो? राष्ट्रीय पातळीवरचं बांधकाम करताना मनात नेमके कोणते विचार येतात, ते मला त्या रात्री आतून कळलं.

पाचशेचे दोन हजार झाले, पुढे साडेतीन. आइस्क्रीमच्या काड्या विकत घेतल्या तर स्वस्त पडतात, पण मी धाकट्याला घेऊन आइस्क्रीम खाऊन जमवल्या. तीन दिवस त्याला सर्दी आणि मला ढास. चौथ्या सुधारित अंदाजाच्या वेळी बायकोने फाइल अडवली. "काजी, हा पोळा पोट्ट्याचा होऊन राहिला का तुमचा?" मी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. धरणाने एव्हाना बैठकीच्या खोलीत जागा संपादन केली होती. बुडीत क्षेत्रात सोफा, शिलाई मशीन आणि थोरलीचं अभ्यासाचं टेबल गेलं. तिने भिंतीवर कागद लावला: आधी पुनर्वसन, मग धरण. आबाजी त्या आंदोलनात बिनशर्त सामील झाले, कारण त्यांचा दिवाणही प्रस्तावित पाणलोटात होता.

खऱ्या गोसीखुर्दच्या पाण्यावर जलपर्णी माजते. नागपूरचं सांडपाणी नागनदीतून आणि पुढे कन्हानमधून वैनगंगेत येतं, ही आमची जुनी तक्रार. देखाव्यात वास्तव हवं म्हणून मी फ्रीजमधल्या सांबाराच्या दोन जुड्या खुडून पाण्यावर सोडल्या. सांबार म्हणजे पुण्या-मुंबईकडची कोथिंबीर. श्रावण-भाद्रपदात तिचा भाव काय असतो ते सुज्ञांना सांगायला नको. सणाचे वडे त्या दिवशी बिनसांबाराचे झाले. आमच्या घरात नागनदीच्या प्रदूषणावर एवढी कळकळीची चर्चा आधी कधी झाली नव्हती.

पोळ्यात झडत्या म्हणतात. दोन-चार यमक जुळवलेल्या ओळी, त्यात शेतकऱ्याचं दुखणं, सावकाराला, सरकारला टोमणा आणि शेवटी महादेवाचा गजर. जुन्या झडत्या सगळ्यांच्या तोंडपाठ, म्हणून मी नवी रचली:

कालवा आला दारात, पाणी नाही वावरात,
बैल गेले बाजारात, हप्ता बसला घरात!

माझ्या मते ही या दशकातली बरी झडती आहे. आबाजींनीही ऐकून "हं" म्हटलं, आणि त्यांचं "हं" सहजासहजी मिळत नाही. धाकट्याने ती आंघोळीच्या वेळी, शाळेत जाताना, जेवताना घोकली. फक्त "हप्ता म्हणजे आठवडा ना?" असं तो अधूनमधून विचारत होता.

पाडव्याची दुपार. वॉर्डातल्या मैदानावर मंडप, खुर्च्या, कर्कश माईक. चिमुकले शेतकरी, कृष्ण, शिवाजी महाराज, दोन झाशीच्या राण्या आणि एक रडका जवान. रांगेत बैलांपेक्षा बाप जास्त. एक जण शिंगाला बेगड चिकटवतोय, एक जण वाकून मिशी रंगवतोय, पोराची. सगळ्यांच्या चेहऱ्यावर दहावीच्या पेपराला निघाल्याचा भाव. पोरं मात्र एकमेकांच्या नंदीवर बसून पाहत होती.

सागवानी बैल, मानेत ओतीव घंटी, पाठीमागे चार चाकांच्या पाटावर धरण, आणि धरणात वीस लिटरचा कॅन रिकामा केलेला. धाकट्याने दोरी ओढली. काही हललं नाही. घंटीसुद्धा वाजली नाही. मग मी मागे गेलो, भिंतीआड गुडघ्यांवर बसलो आणि ढकलायला लागलो. पुढून पाहणाऱ्याला मी दिसत नव्हतो, अशी माझी समजूत होती. प्रमुख पाहुण्यांनी बाजूने वाकून पाहिलं आणि थोरलीला विचारलं, "हे मागे कोण?" ती म्हणाली, "ठेकेदार."

बेअरिंग उत्तम होते, हे इथे मिस्त्रीच्या बाजूने नमूद करायला हवं. जमीन जरा उताराला लागल्याबरोबर गाडा हलका झाला, मग फार हलका झाला, आणि माझे हात हवेत राहिले. नंदी स्वतःच्या पायांनी परीक्षकांच्या टेबलाकडे निघाला. घंटी काय वाजली! दुकानदाराची निवड एकदम बरोबर. धाकटा दोरी धरून बाजूने पळत होता, बैल त्याला नेत होता, आणि लोकांनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली, कारण त्यांना वाटलं आत मोटर आहे. शेजारचे गुरुजी उठून उभे राहिले. तेवढा एक क्षण माझा. त्याच्यासाठी केलेला खर्च मला आजही जास्त वाटत नाही.

गाडा टेबलाला अडला, थांबला. आता झडती. निवेदकाने धाकट्यासमोर माईक धरला. त्याने माईकाकडे पाहिलं, धरणाकडे पाहिलं. भिंतीचा पुठ्ठा आतून पाणी पिऊन फुगला होता, आणि तेहतीस काड्यांपैकी डावीकडच्या हळूहळू बाहेर कलत होत्या. हे त्याला दिसलं, मला मागून दिसलं नाही. दुसरीतल्या पोराला झडती आठवली नाही. दर पावसाळ्यात ऐकलेलं मात्र पक्कं आठवलं. स्वच्छ, सरकारी आवाजात तो म्हणाला:

"गोसीखुर्दचे तेहतीस दरवाजे उघडण्यात येत आहेत. नदीकाठच्या नागरिकांनी सतर्क राहावे."

आणि भिंत गेली.

वीस लिटर पाणी बोलायला थोडं वाटतं. पण परीक्षकांचे गुणपत्रक, प्रमुख पाहुण्यांचे नवे बूट, बक्षिसाच्या डब्यांचा खोका आणि एका झाशीच्या राणीचा शालू एवढ्यांना ते व्यवस्थित पुरलं. पाहुण्यांच्या पँटीला सांबार चिकटला. नंदी मात्र जागचा हलला नाही. सागवान ते सागवान. पुढची पाच मिनिटं मैदानात अशी गेली की तान्ह्या पोळ्यात आजवर पोरांना एवढी मजा कधी आली नसेल. सगळ्यांनी आपापले बैल त्या पाण्यात नेऊन पाय धुतले. पूजेला आलेल्या बायकांचं निम्मं काम झालं. पूरग्रस्त परीक्षकांसाठी कोणीतरी कोरड्या खुर्च्या आणल्या, आणि थोरली पंचनामा केल्यासारखी मोबाइलवर शूटिंग करत फिरत होती. तो व्हिडिओ आमच्या नातेवाइकांत साकोलीपासून तुमसरपर्यंत पोचला आहे. त्यात मी दोन हात पुढे करून गुडघ्यांवर बसलेलो दिसतो. समोर काही नाही.

पहिलं बक्षीस एका चौथीतल्या मुलीला मिळालं. तिचा बैल वीतभर, जुना, रंग उडालेला, बहुधा तिच्या बापाच्या लहानपणचा. तिने तीन झडत्या न अडखळता म्हटल्या आणि तिचा बाप कुठे दिसलाही नाही. असे बाप असतात म्हणे. धाकट्याला सगळ्यांबरोबर प्रोत्साहनपर डबा मिळाला, जरासा ओला. वर निवेदकाने स्वतःच्या खिशातून पन्नास रुपये काढून "सूचना वेळेत दिल्याबद्दल" म्हणून त्याच्या हातावर ठेवले.

घरी आल्यावर धाकट्याने नंदीच्या गळ्यातली घंटी सोडवून घेतली आणि संध्याकाळभर कानाशी वाजवली. आबाजींनी निकाल दिला तो असा: "बैल चांगला आहे. त्याच्यामागे जे जोडलं ते वाईट." धरणाबद्दल बोलले की माझ्याबद्दल, ते मी विचारलं नाही. नंदी माळ्यावर चढत नाही. तो बैठकीत सोफ्याच्या जागी उभा आहे, आणि पाहुणे आले की बायको त्यांना त्याच्यावर बसवते.

तान्ह्या पोळ्याची स्पर्धा घेणाऱ्या भंडारा जिल्ह्यातल्या तमाम मंडळांना आता एक विनंती. पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी फक्त बापांसाठी वेगळी स्पर्धा ठेवा. प्रवेश फी घ्या, बक्षीस देऊ नका, डबा दिलात तरी चालेल. पोरांना प्रेक्षक म्हणून पुढच्या रांगेत बसवा आणि परीक्षक म्हणून त्यांच्या आयांना नेमा. पाण्याचा देखावा असेल तर सपाट मैदान बघा. शेजारचे गुरुजी तयार आहेत, मी बोललो त्यांच्याशी. माझा अर्ज पहिला धरा.